इंग्लंडमधला सर्जन ‘मिस्टर’ का असतो?

माझा भाचा इंग्लंडमध्ये सर्जन आहे. तिथली सर्जनची परीक्षा पास झाल्यावर त्यानं ओपीडीच्या दारावरच्या नव्या पाटीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. माझ्या आईनं चष्मा लावून तो दोनदा बघितला आणि काळजीनं विचारलं, “अगं, याचं ‘डॉक्टर’ कुठं गेलं? नुसतं ‘मिस्टर’ लिहिलंय. काही झालं का त्याचं तिकडं?”

झाली होती ती बढती. एमबीबीएसपासून इतकी वर्षं तो ‘डॉक्टर’ म्हणवून घेत होता. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये माणूस सर्जन झाला की ‘डॉक्टर’ उतरवून ठेवतो आणि पुन्हा ‘मिस्टर’ होतो. बाई असेल तर ‘मिस’ किंवा ‘मिसेस’. तिथं हे मानाचं समजतात. आईला मी फोनवर घाईत सांगून टाकलं, “पूर्वी तिकडं सर्जन म्हणजे न्हावी असायचे ना, म्हणून.” तिला ते पटलं नाही. आता वाटतं, तिचंच बरोबर होतं, माझं उत्तर अर्धवट होतं. म्हणून हे नीट सांगायला बसले आहे.

आज आपण ‘डॉक्टर’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर एक माणूस येतो. तो तपासतो, चिठ्ठी लिहून देतो, वेळ पडली तर टाके घालतो. १७०० सालच्या लंडनमध्ये या कामांसाठी तीन वेगवेगळी माणसं होती, आणि ती एका पंगतीला बसणारी नव्हती.

सगळ्यात वरच्या पायरीवर फिजिशियन. तो पंडित. १५१८ साली आठव्या हेन्रीनं आपला वैद्य थॉमस लिनेकर याच्या पुढाकारानं लंडनमध्ये फिजिशियनांचं कॉलेज स्थापन केलं. नाव कॉलेज असलं तरी तिथं वर्ग भरत नसत. लंडनमध्ये वैद्यकी कुणी करायची आणि कुणी नाही, हे ठरवणारी ती सभा होती. तिचं पूर्ण सभासदत्व शतकानुशतकं ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या पदवीधरांसाठी राखून ठेवलेलं असे, आणि त्या विद्यापीठांची पदवी इंग्लंडच्या राजमान्य चर्चची शपथ घेणाऱ्यालाच मिळे. म्हणजे कॅथलिक, ज्यू, वेगळ्या पंथाचे प्रोटेस्टंट हे सगळे आपोआप बाहेर.

फिजिशियननं हिपोक्रेटिस आणि गॅलेन हे प्राचीन ग्रीक वैद्य ग्रीक-लॅटिनमधून वाचलेले असत. तो रोग्याची हकिगत ऐके, नाडी बघे, लघवीची बाटली उजेडाकडं धरून रंग बघे आणि पथ्य-औषध सांगे. चिरणं, कापणं, पू काढणं त्याच्या पायरीला शोभणारं नव्हतं. रोगी समोर असलाच पाहिजे असंही नाही. अठराव्या शतकात एडिंबरामध्ये विल्यम कलन नावाचा नामांकित फिजिशियन होता. दूरदूरचे लोक त्याला पत्रानं आपली दुखणी कळवत आणि तो टपालानंच उपचार लिहून पाठवी. उत्तरांची प्रत स्वतःजवळ राहावी म्हणून पुढं त्यानं जेम्स वॉटचं पत्राची नक्कल काढणारं यंत्रही घेतलं होतं. ती हजारो पत्रं एडिंबराच्या फिजिशियन कॉलेजात आजही आहेत. ज्या रोग्याला कधी पाहिलंच नाही त्याला पोट साफ होण्याचं औषध आणि घोड्यावरून रपेट सुचवायची, ही त्या काळी उत्तम वैद्यकी होती.

त्याच्या खाली सर्जन. हा कारागीर. कोवळ्या वयात तो एखाद्या मुरलेल्या सर्जनच्या हाताखाली राहायचा, बहुधा सात वर्षं, आणि हात बसला की धंद्याच्या संघासमोर परीक्षा द्यायचा. गळवं फोडणं, निखळलेलं हाड बसवणं, जखमा बांधणं, शीर उघडून रक्त काढणं, सडलेला पाय कापणं ही त्याची कामं. शरीराच्या आत काय बिघडलंय ते सांगणं आणि पोटात घ्यायचं औषध देणं हा फिजिशियनचा प्रांत. तिथं त्यानं पाऊल टाकायचं नाही.

आता न्हाव्यांकडं येऊ. १५४० साली लंडनचा न्हाव्यांचा संघ आणि सर्जनांचा छोटासा संघ कायद्यानं एक झाले. वस्तरा धरणाऱ्याच्या हातात लहानसहान शस्त्रक्रिया जाणं आपल्याला परकं नाही. आपल्या गावांतही तुंबड्या लावणारे हात अनेकदा त्याच घरातले असत. पण मला कळलेली आणि आईला सांगायची राहिलेली गोष्ट अशी, की त्याच कायद्यानं दोन्ही कामांची फारकतही केली. न्हाव्यानं दात काढण्यापलीकडं शस्त्रक्रिया करायची नाही आणि सर्जननं कुणाची दाढी करायची नाही. घर एक, चुली दोन. हान्स होल्बाइनचं या प्रसंगावरचं मोठं चित्र आहे. राजा मधोमध बसलाय, एका बाजूला त्याचे राजवैद्य गुडघे टेकून आहेत, दुसऱ्या बाजूला संघाची माणसं दाटीवाटीनं, आणि संघाचा प्रमुख थॉमस व्हिकारी राजाच्या हातून सनद घेतोय. दोनशे वर्षं हा संसार कसाबसा चालला. १७४५ साली सर्जन वेगळे झाले आणि १८०० साली त्यांना स्वतःचं रॉयल कॉलेज मिळालं.

सर्जनकडं विद्यापीठाची पदवी नव्हती, म्हणून तो ‘डॉक्टर’ नव्हता. ‘मिस्टर’ हा ‘मास्टर’चाच बोलीतला उच्चार. हाताखाली शिकून उस्ताद झालेल्या माणसाचं ते बिरूद.

तिसरा अपॉथेकरी. आपल्याकडच्या काष्ठौषधीवाल्याच्या जवळचा. लंडनमध्ये हे लोक आधी किराणा-मसाल्याच्या व्यापाऱ्यांच्या संघात होते, १६१७ साली त्यांनी आपली चूल मांडली. फिजिशियननं लिहिलेलं औषध कुटून, गाळून, बाटलीत भरून द्यायचं एवढंच त्यांचं काम. पण फिजिशियनची फी सोन्याच्या गिनीत, आणि गिनी कुणाच्या खिशात असायची? साधी माणसं थेट औषधवाल्यालाच विचारत. फिजिशियनांना हे खपेना. विल्यम रोझ नावाच्या अपॉथेकरीनं एका खाटकाला औषधं दिली म्हणून त्यांनी त्याला कोर्टात खेचलं. खालच्या कोर्टात फिजिशियन जिंकले, पण १७०४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं निकाल फिरवला. अपॉथेकरीनं उपचार करायला हरकत नाही, असं ठरलं. मेख इतकीच, की सल्ल्याचे पैसे घ्यायचे नाहीत, पैसे औषधाचेच. परिणाम व्हायचा तोच झाला. सकाळची बाटली, दुपारची पुडी, रात्रीचा काढा. औषध जितकं जास्त तितकी कमाई जास्त. रोग्याच्या गरजेपेक्षा बिलाच्या रचनेनं औषध ठरायला लागतं तेव्हा काय होतं, हे त्या शतकानं पुरेपूर पाहिलं.

तरीही सामान्य इंग्रज माणसाचा खरा डॉक्टर हाच होता. १८१५ च्या कायद्यानं त्याला पाच वर्षांची उमेदवारी आणि परीक्षा बंधनकारक केली आणि यातूनच पुढचा घरचा डॉक्टर, ‘जीपी’, घडला. कवी जॉन कीट्स या परीक्षेला बसला होता. एडमंटनमध्ये उमेदवारी, लंडनच्या गायज हॉस्पिटलात सर्जनच्या हाताखाली मलमपट्टीचं काम, आणि १८१६ च्या जुलैमध्ये परवाना. मग त्यानं वैद्यकी सोडून दिली.

हे सगळं लंडनचं. एडिंबराच्या सर्जनांना १५०५ मध्येच सनद मिळाली होती, ग्लासगोमध्ये १५९९ पासून फिजिशियन आणि सर्जन एकाच संस्थेत होते, डब्लिनचा न्हावी-सर्जनांचा संघ तर १४४६ चा. भिंत सगळीकडं होती, उंची कमीजास्त.

भिंतीच्या सर्जनकडच्या बाजूला दिवस कसे जात? सॅम्युएल पीप्स हा रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेला गृहस्थ २५ वर्षांचा असताना मूतखड्यानं हैराण झाला होता. २६ मार्च १६५८ या दिवशी, नात्यातल्या एका बाईंच्या घरी, थॉमस हॉलियर या सर्जननं त्याचा खडा काढला. भूल नव्हती. रोग्याला बांधायचं, माणसांनी धरून ठेवायचं, दोन मांड्यांच्या मधल्या भागात चीर द्यायची, मूत्राशयापर्यंत पोचायचं आणि चिमट्यानं खडा ओढून काढायचा. पीप्सचा खडा टेनिसच्या चेंडूएवढा निघाला. तो जगला. दर वर्षी त्या तारखेला जेवण घालायचं त्यानं ठरवलं आणि खड्यासाठी खास डबी करून घेतली. पुढच्या शतकात विल्यम चेसेल्डन हेच ऑपरेशन मिनिटभराच्या आत करी. तो वेग शौकासाठी नव्हता. रोगी शुद्धीवर असताना सर्जन त्याला देऊ शकेल अशी दया एकच होती, लवकर संपवण्याची.

म्हणून ‘हाताचं हलकं काम’ म्हणून सर्जनला खाली बसवलं होतं, हे वाचताना मला राग येतो. लॅटिन न येणाऱ्या त्या माणसांनी रोग्याचं ओरडणं कानांनी ऐकत, हात थरथरू न देता काम केलं.

या भिंतीची दोन तोंडं एकाच घरात बघायची असतील तर हंटर बंधूंकडं जावं. स्कॉटलंडमधल्या ईस्ट किलब्राइडजवळच्या शेतकरी घरातले हे दोघं भाऊ. थोरला विल्यम आधी सर्जन होता, मग ग्लासगोची पदवी घेऊन फिजिशियन झाला. सर्जनांच्या संघातून त्यानं नाव काढून घेतलं. तो डॉक्टर हंटर. राणीच्या बाळंतपणाला त्याला बोलावत, तरी ऑक्सफर्ड-केंब्रिजचा नाही म्हणून फिजिशियनांच्या कॉलेजात तो परवानाधारकच राहिला, फेलो म्हणजे पूर्ण सभासद कधीच नाही. धाकटा जॉन शाळेत रमला नाही. १७४८ साली विसाव्या वर्षी तो लंडनला आला आणि भावाच्या शरीररचनेच्या वर्गासाठी प्रेतं चिरून तयार करू लागला. त्या हाताला तोड नव्हती. जॉनला कधी पदवी मिळाली नाही. तो शेवटपर्यंत मिस्टर हंटर.

१७८५ च्या डिसेंबरमध्ये सेंट जॉर्जेस हॉस्पिटलात ४५ वर्षांचा एक घोडागाडीवाला आला. गुडघ्यामागच्या खळगीत त्याच्या धमनीला फुगा आला होता. धमनीची भिंत एका जागी कमजोर झाली की रक्ताच्या दाबानं ती फुगत जाते, ठोक्याठोक्याला उडते आणि एक दिवस फुटते. फुटली की माणूस गेला. तेव्हा यावर दोनच उपाय, फुगाच फोडून बांधायचा प्रयत्न करायचा किंवा मांडीतून पाय कापायचा. हंटरनं वेगळा विचार केला. फुग्याजवळची धमनी आजारीच असते, तिथं बांधलेला दोरा तिला कापून जातो. मग वर, मांडीत, जिथं ती निरोगी आहे तिथं का बांधू नये?

खालच्या पायाला रक्त कुठून मिळणार, हा प्रश्न उरतोच. याचं उत्तर समजायला दीडशे वर्षं मागं जाऊन विल्यम हार्वीला भेटावं लागतं. तो फिजिशियन, केंब्रिज आणि इटलीतल्या पादुआ विद्यापीठाचा, पण स्वतःच्या हातांनी प्राणी चिरून बघणारा. १६२८ साली त्यानं साध्या हिशेबानं दाखवलं, की हृदय एका ठोक्याला ढकलतं ते थोडंसं रक्त ठोक्यांच्या संख्येनं गुणलं तर अर्ध्या तासात शरीरातल्या सगळ्या रक्तापेक्षा जास्त होतं. एवढं नवं रक्त जेवणातून तयार होणं शक्यच नाही. म्हणजे तेच रक्त फिरत असलं पाहिजे. पुस्तक निघाल्यावर लोकांनी त्याला विक्षिप्त ठरवलं आणि त्याच्याकडचे रोगी कमी झाले. हंटरनं या फिरण्याचा पुढचा धागा पकडला. मोठा रस्ता बंद झाला की गल्लीबोळ रुंद होतात. धमनीच्या बारीक फांद्या एकमेकींना जोडलेल्या असतात, मुख्य वाट अडली की त्याच मोठ्या होऊन खाली रक्त पोचवतात.

त्यानं मांडीत धमनी बांधली. पाय गरम राहिला. सहा आठवड्यांत गाडीवाला घरी गेला आणि पुन्हा गाडी हाकायला लागला. सव्वा वर्षानं तो तापानं वारला, तेव्हा हंटरनं तो पाय मिळवून उघडला. फुगा आक्रसला होता, बाजूच्या वाटा तयार होत्या. तो पाय अजून लंडनच्या संग्रहात आहे. मांडीतल्या त्या जागेला आजचे विद्यार्थी ‘हंटरचा कालवा’ म्हणतात. हंटरनं एकदा आपल्या जुन्या शिष्याला लिहिलं होतं, नुसता विचार काय करतोस, प्रयोग करून का बघत नाहीस? तो शिष्य म्हणजे एडवर्ड जेन्नर, १७९६ साली गायीच्या देवीची लस टोचणारा. ती लस सहा वर्षांनी मुंबईत पोचली. १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली, भारतातली पहिली यशस्वी लस.

हंटरचं कौतुक इथंच थांबवता येत नाही. चार्ल्स बर्न नावाचा साडेसात फुटांहून उंच आयरिश तरुण लंडनमध्ये स्वतःची उंची दाखवून पोट भरत होता. मेल्यावर सर्जन आपल्याला फाडतील या भीतीनं त्यानं सांगून ठेवलं होतं, मला समुद्रात पुरा. १७८३ साली २२ व्या वर्षी तो गेला. हंटरनं पैसे चारून त्याचं प्रेत मिळवलं, सांगाडा केला आणि संग्रहात उभा केला. दोनशेहून जास्त वर्षं लोक तो बघत होते. २०२३ साली संग्रहालय पुन्हा उघडलं तेव्हा तो प्रदर्शनातून काढलेला होता. समुद्र मात्र त्याला अजून मिळालेला नाही.

शिकायला प्रेतं हवीत आणि प्रेतं मिळत नाहीत, हा त्या काळच्या सर्जनांचा मोठा पेच होता. कायद्यानं मिळायची ती फाशी गेलेल्यांची, तीही मोजकी. मग स्मशानातून चोरी. मग त्याहून भयंकर. १८२८ साली एडिंबरामध्ये बर्क आणि हेअर या आयर्लंडहून आलेल्या दोन मजुरांनी १६ माणसं मारून त्यांची प्रेतं रॉबर्ट नॉक्स या शरीररचनेच्या शिक्षकाला विकली. बर्क फाशी गेला आणि त्याचंच विच्छेदन झालं. १८३२ च्या कायद्यानं चोरी थांबवली, ती अशी, की अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रयगृहात मेलेला आणि कुणी न्यायला न आलेला माणूस विच्छेदनाला द्यावा. सर्जनांच्या ज्ञानाची किंमत गरिबांच्या देहानं चुकवली. हे सांगितल्याशिवाय त्यांच्या थोरवीबद्दल बोलू नये असं मला वाटतं.

एक धडा इंग्रज सर्जननं पुण्याच्या कारागिराकडून घेतला. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान इंग्रजी फौजेचे बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो नाकाशिवाय राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवून दिलं. मुंबईचे दोन इंग्रज सर्जन तिथं हजर होते. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये याची हकिगत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली.

पद्धत अशी. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून मापाचा करायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. रेघेवरून कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधे एक पट्टी कपाळाला जोडलेलीच ठेवायची, कारण तिच्यातूनच त्या कातडीला रक्त मिळणार. मग ती कातडी फिरवून खाली आणायची, नाकाच्या जुन्या कडांना खाच पाडून तिच्यात बसवायची. टाके नाहीत. पाण्यात भिजवलेला कात, आपण विड्याला लावतो तोच, कापडाच्या पट्ट्यांवर थापून त्या एकावर एक चिकटवायच्या. रोग्यानं पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, नवी कातडी धरली की मधली पट्टी कापायची.

लंडनचा सर्जन जोसेफ कार्प्यू हे वाचून गप्प बसला नाही. त्यानं वर्षानुवर्षं प्रेतांवर सराव केला. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी नाक गमावलेल्या एका लष्करी अधिकाऱ्यावर त्यानं हे ऑपरेशन केलं आणि १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. युरोपातली नव्या काळातली प्लास्टिक सर्जरी इथून उभी राहिली. कावसजीचं नाव राहिलं, कार्प्यूचं राहिलं. पुण्याच्या त्या माणसाचं नाव कुणी विचारून लिहून ठेवलं नाही, याची मला हळहळ वाटते.

भिंत ढासळायला लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. २१ डिसेंबर १८४६ रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात रॉबर्ट लिस्टननं ईथरची भूल देऊन एका नोकराचा पाय मांडीतून कापला. लिस्टन वेगासाठीच नावाजलेला, अर्ध्या मिनिटाच्या आत काम संपलं. पण त्या दिवशी त्याचा वेगच जुना झाला. रोगी झोपलेला असेल तर घाई कशाला? सर्जनला आता विचार करायला, शोधायला, पोटाच्या आत जायला वेळ मिळाला. १८६५ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगोला जोसेफ लिस्टरनं गाडीचं चाक जाऊन पाय मोडलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक अ‍ॅसिडची पट्टी ठेवली. जखम सडली नाही, पाय वाचला. आधी असली जखम म्हणजे बहुधा पाय कापणं किंवा मरण. न दिसणारे जंतू डोक्यात ठेवून हातांनी काम करणारा हा नवा सर्जन होता.

आणि फिजिशियन हात लावायला शिकले, यात डब्लिनचा वाटा मोठा. मीथ हॉस्पिटलात रॉबर्ट ग्रेव्हज आणि विल्यम स्टोक्स विद्यार्थ्यांना खाटेपाशी उभं करून शिकवत. छाती ठोकून बघा, स्टेथोस्कोप लावा, या रोग्याची जबाबदारी तुमची. तापाच्या रोग्याला उपाशी ठेवायची तेव्हाची रीत ग्रेव्हजनं मोडली. माझ्या थडग्यावर ‘यानं तापकऱ्यांना खाऊ घातलं’ एवढं लिहा, असं तो म्हणायचा.

तिन्ही वाटा चालून गेलेला एक माणूस मला विशेष जवळचा वाटतो, तो जॉन स्नो. यॉर्कमधल्या मजुराचा मुलगा. १४ व्या वर्षी न्यूकॅसलला एका सर्जन-अपॉथेकरीकडं उमेदवारीला लागला. १८३८ मध्ये सर्जनची आणि अपॉथेकरीची परीक्षा, १८४४ मध्ये लंडन विद्यापीठाची एमडी, १८५० मध्ये फिजिशियनांचा परवाना. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म देणारा तोच, आणि पुढच्या वर्षी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचं पाणी कॉलरा पसरवतंय हे घरोघर हिंडून दाखवणारा तोच.

कायदा मागून आला. १८५८ साली सगळ्या परवानाधारकांची एकच नोंदवही सुरू झाली. तोवर परवाने देणाऱ्या १९ संस्था होत्या. १८८६ पासून औषधोपचार, शस्त्रक्रिया आणि बाळंतपण या तिन्हींत पास झाल्याशिवाय नोंद होईना. आपल्याकडची एमबीबीएस याच शिवणीची आहे. एमबी म्हणजे बॅचलर ऑफ मेडिसिन, बीएस म्हणजे बॅचलर ऑफ सर्जरी. फिजिशियन आणि सर्जन एका कागदावर आणून बसवलेले. तेव्हापासून प्रत्येक सर्जन आधी डॉक्टर होतो. पण तोवर सर्जनांचा दबदबा इतका वाढला होता, की ज्या ‘मिस्टर’नं त्यांना खाली बसवलं होतं तोच त्यांनी अभिमानानं जपला.

बायकांना या घरात तिन्ही दारांनी मज्जाव होता. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या एका घरात मार्गारेट म्हणून जन्मलेलं मूल जेम्स बॅरी या नावानं १८१२ साली एडिंबराची पदवी घेऊन लष्करात सर्जन झालं आणि आयुष्यभर पुरुष म्हणून राहिलं. १८२६ साली केपटाउनला बॅरीनं केलेल्या सिझेरियनमध्ये आई आणि बाळ दोघंही जगली. १८६५ साली बॅरी वारल्यावर लोकांना कळलं. त्याच वर्षी एलिझाबेथ गॅरेटनं अपॉथेकरींच्या सनदेत ‘पुरुष’ असं लिहिलेलं नाही, ‘व्यक्ती’ लिहिलंय, यावर बोट ठेवून परवाना मिळवला. तिच्यामागून कुणी येऊ नये म्हणून त्यांनी लगेच नियम बदलले. एडिंबरात शिकायला आलेल्या सात जणींना १८७० च्या नोव्हेंबरमध्ये परीक्षेच्या दारात चिखल मारून अडवलं गेलं. विद्यापीठानं पदवी दिली नाहीच.

दार उघडलं आयर्लंडनं. १८७७ साली डब्लिनच्या फिजिशियन कॉलेजनं बायकांना परवाने द्यायला सुरुवात केली. त्या सात जणींतल्या एडिथ पेची यांना परवाना तिथूनच मिळाला. १८८३ साली त्या मुंबईला आल्या आणि कामा हॉस्पिटल उभं करण्यात राबल्या. मुंबईतच त्यांना रखमाबाई भेटल्या. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या, नवऱ्याकडं नांदायला जाणार नाही म्हणून चार वर्षं कोर्टाशी झुंजणाऱ्या. पेचीबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. १८८९ साली रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या.

१८९४ साली त्यांना परवाना मिळाला, तो स्कॉटलंडच्या तीन संस्थांचा मिळून: एडिंबराचं फिजिशियनांचं कॉलेज, एडिंबराचं सर्जनांचं कॉलेज आणि ग्लासगोची ती जुनी एकत्र संस्था. जवळजवळ चारशे वर्षं एकमेकांना शेजारी बसू न देणारी नावं एका मराठी बाईच्या कागदावर ओळीनं आली. ब्रुसेल्सची एमडी वेगळी. मग त्या परत आल्या, आणि सुरतेला व नंतर राजकोटला बायकांच्या दवाखान्यात त्यांनी हयात काढली.

हे सगळं मी आईला दोन-तीन दुपारी मिळून सांगितलं. शेवटी तिनं विचारलं, “मग रखमाबाईंना लोक काय म्हणायचे गं?”

“डॉक्टर,” मी म्हटलं.